तिसरा हिस्सा

नेरूळच्या तरणतलावाचा वॉचमन
रात्री साडेनऊला दिवे घालवतो.
आमच्यासाठी एक ठेवतो, कपडे बदलायच्या खोलीतला.
वर्गीस सर म्हणतात, तोही घालव.

तळाशी आमचं बुडालेलं जहाज आहे :
लग्नाच्या हॉलमधून भंगारात निघालेल्या अकरा खुर्च्या,
सोसायटीचं गंजकं फाटक,
दारं काढलेलं एक लोखंडी कपाट.
त्याला सर ‘इंजिनरूम’ म्हणतात. न हसता.

पाठीवर दोन सिलिंडर, मधे जोडनळी,
एक रुसला तर दुसऱ्यानं निभावायचं.
तोंडात एक रेग्युलेटर, गळ्यात रबराच्या माळेला दुसरा.
तोंडातल्याचा होज सात फुटी,
छातीवरून, मानेमागून फिरवलेला,
कारण तो माझा नाही.
मागच्याची हवा संपली
तर तोंडातला काढून त्याला द्यायचा,
मग स्वतःचा शोधायचा.
या क्रमानं.
हा क्रम अंगात मुरायला मला तीन रविवार लागले.

मास्कला आतून काळी टेप. हातात रीळ.
पहिली गाठ उजेडात, दुसरी दाराशी,
मग दोरी ताणत आत.
परतताना तिला ओढायचं नाही,
अंगठा आणि बोटाचं कडं करून तिच्यावरून यायचं,
काकणातून हात काढतात तसं हळू.
पाय बेडकाचे. तळ ढवळायचा नाही.
इथं तळाला निळ्या टाइल्स आहेत.
गाळ म्हणजे काय ते मीच सरांना सांगितलं असतं.

मी दिवाळ्याची.
आमच्या खाडीत डोळे उघडे काय, मिटलेले काय.
माझ्या जन्माआधी तिथं एक बार्ज बसला,
कुणाचा, कशानं, कुणी सांगत नाही.
आम्ही त्याला नुसतं ‘लोखंड’ म्हणतो.
‘जाळं लोखंडाला लागलं’ असं कुणी म्हणालं
की पुढचं विचारायचं नसतं.

बाबा सोडवायला उतरायचे.
हाफ पँट, कोयती, आणि छातीत मावेल तेवढं.
सरांचा पहिला नियम : श्वास कधी धरायचा नाही.
बाबांचा पहिला आणि शेवटचा : धरायचा.

मी सातवीत होते त्या वर्षी नवं जाळं लागलं.
कर्जाचं. शिसं अजून चकचकत होतं.
बाबा दोनदा उतरले.
तिसऱ्यांदा वर आले ते रिकामे,
आणि होडी वळवली.
आई गौरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.
धक्क्यावर जोमा म्हणाला, हिराजी घाबरला.
मीही म्हणाले. मनात.

सरांनी फळ्यावर लिहिलं : दोनशे.
त्याचे तीन हिस्से.
एक आत जायला. एक बाहेर यायला.
तिसरा तुमचा नाही.
तो गाळाचा, अडकलेल्या पट्ट्याचा,
जे अजून घडलेलं नाही त्याचा.
काटा एकशे पस्तीसला आला
की समोर मोहरांचा हंडा असो, वळा.
मनाला विचारू नका.
मन नेहमी ‘अजून जरा’ म्हणतं.

बाकीचे वहीत उतरवून घेत होते.
माझं पेन तीन आकड्यावर थांबलं.

आज कपाटात सरांनी न सांगता जाळं सोडलं होतं.
सिलिंडरच्या तोटीला त्यानं धरलं.
दंडावरचा कटर काढला, नखाएवढं पातं.
कापायच्या आधी बोटांनी
जाळ्याचा डोळा मोजला, सवयीनं.
गाठ हातची होती.
चार दोरे कापले. सुटले.

शेवटच्या खुर्चीखाली पितळी घंटा ठेवलेली,
ती आणणं म्हणजे पास.
हात पुढे केला, आणि खांद्यावर दोन थापा पडल्या :
काटा आला.
घंटा तिथंच कुठंतरी.
मी वळले.

घरी बाबा ओट्यावर, मांडीवर जाळं.
“कवरं खोल?”
“बारा फूट.”
हसले. “भरतीला आपली होरी यापेक्षा खोलात बांधतू.”

मी ओला टॉवेल दोरीवर टाकला, पाठमोरीच विचारलं :
त्या वर्षी, लोखंडापाशी,
किती राहिलं होतं?

त्यांनी सुई दातात धरली,
दोरा ओढला, गाठ बसवली.

“ईतभर.”